पाठमोरं बसायचं नाही

आमच्या नौका मंडळाच्या बातम्या मी फळ्यावर लिहीत असे. फळा इंदूरला स्नेहलतागंजात चिटणिसांच्या ओटीवर टांगलेला होता, आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण असल्यामुळे माझं अक्षर त्यांना फुकटात मिळत होतं. सोमवारी शाळा सुटली की मी तिथे जायचे. चिटणीस तक्क्याला टेकून बातमी सांगायचे आणि मी ती खडूने उतरवायचे. 'रविवारी सदस्यांनी तलावावर नौकानयनाचा कसून सराव केला. हवा उत्तम होती.' प्रत्यक्षात रविवारी सदस्यांनी तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, खाल्ले होते आणि बाभळीखाली पडून ते घोरले होते. होडी पाण्यात उतरली होती हे खरं, पण ती काठाला बांधून ठेवलेली होती आणि तिच्यावर ओली धोतरं वाळत घातली होती. हवा मात्र उत्तम होती.

मला त्या मंडळाबद्दल तेव्हाही आदर नव्हता, आणि आता सगळेच्या सगळे देवाघरी गेल्यावरही तो काही उत्पन्न होत नाही. गेलेल्या माणसांबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझा नाइलाज आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या मध्य भारत राज्याचे दिवस होते. संस्थानं नुकतीच गेली होती. नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला असायचं, आणि फायलींची गाठोडी आगगाडीने इकडून तिकडे हिंडायची. आमच्या ओळखीची निम्मी मराठी घरं दरबारच्या नोकरीवर उभी होती. त्यांचे हुद्दे एका फटक्यात गेले, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो. ज्यांचे हुद्दे गेले त्यांनी मंडळं काढली. कोणी पत्त्यांचं काढलं, कोणी गाण्याचं. आमच्या मंडळींनी पाण्याचं काढलं, याचं कारण इतकंच की महूच्या छावणीतला एक इंग्रज साहेब मायदेशी परतताना आपली कॅनू मागे टाकून गेला आणि ती चिटणिसांच्या हाती लागली.

कॅनू म्हणजे लांब, निमुळती, दोन्ही टोकांना सारखीच टोकदार अशी होडी. हिला वल्ही बांधलेली नसतात. प्रत्येकाने आपलं सुटं वल्हं हातात धरायचं, जायचं त्या दिशेला तोंड करून बसायचं आणि पाणी मागे लोटायचं. झालं. माझं आजोळ महेश्वरजवळ नर्मदेकाठी. मामाच्या डोंगीत आम्ही बहिणी हेच करत मोठ्या झालो, त्यामुळे मला ठाऊक आहे की यात काही मोठं शास्त्र नाही. ज्याला ताटातला भात तोंडात घालता येतो त्याला हे जमतं.

मंडळाचे अध्यक्ष पूर्वी संस्थानच्या पागेवर मोठे अधिकारी होते, म्हणजे घोडे त्यांच्या अखत्यारीत. घोडे गेले म्हणून त्यांनी होडी धरली. अंगाने भरलेले, मिशा तेल लावून वर वळवलेल्या, आणि डोळ्यांवर कायम काळा चष्मा. त्यांना सगळे 'सरकार' म्हणत. ते स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणत. सकाळी दाढीला गरम पाणी हवं असलं तरी 'आम्हाला'.

माझे वडील त्या मंडळात होते, म्हणून मी होते. बाबांचं दरबारातलं काम सांगितलं की लोक आता हसतात. दरबार भरला की कोणी कुठे बसायचं, हे ते बघत. कोण गादीपासून किती अंतरावर, कोणाला लोड, कोणाला नुसती बैठक, कोणी उभंच राहायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यात चूक झाली तर घराण्याघराण्यांत वैर व्हायचं. संस्थान गेल्यावर त्यांना पुरवठा खात्यात कारकुनी मिळाली. तिथे जो आधी येई तो पंख्याखाली बसे. एकदा घरी येऊन ते म्हणाले, "बेटा, तिथे चपरासी साहेबाच्या खुर्चीवर बसून बिडी ओढतो. और किसी को कुछ वाटतच नाही." तक्रार नव्हती ती. त्यांना खरंच कळत नव्हतं की असं जग चालतं कसं.

नौका मंडळाने त्यांना त्यांचं काम परत दिलं. होडीत कोणी कुठे बसायचं, हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

बाबांनी दोन दिवस विचार केला. सरकार मागच्या टोकाला, गादी आणि लोड घालून. इथवर ठीक होतं. पण बाकीचे जायच्या दिशेला तोंड करून बसले तर प्रत्येकाची पाठ सरकारांकडे होते. वडीलधाऱ्यांना पाठ दाखवायची नाही, निरोप घेतानाही मागे मागे सरकत दाराबाहेर पडायचं, हा तर दरबारचा पहिला धडा. संस्थानच्या जुन्या मोठ्या नावेत नावाडी मालकाकडे तोंड करून बसत, हे बाबांना आठवलं. त्या नावेची वल्ही बांधलेली असत आणि ती ओढायची असत, म्हणून तिथे ते बरोबर होतं. पण बाबांनी वल्हं पाहिलं नव्हतं, बैठक पाहिली होती. त्यांनी ठरवलं की चौघांनीही सरकारांकडे तोंड करून बसायचं. पाठमोरं कोणी बसायचं नाही.

म्हणजे होडी जिकडे जायची तिकडे चौघांची पाठ. वल्हं आपल्या मागे नेऊन पाण्यात बुडवायचं आणि पुढे ढकलायचं, ओट्यावरचं पाणी हाताने लोटावं तसं. सरकारांच्या अगदी समोर बाबा. त्यांच्या मागे एक निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या मागे कोठीवरचे माजी कारभारी, आणि शेवटी, म्हणजे होडीच्या खऱ्या पुढच्या टोकाला, चिटणीस. पहिली जागा हुद्द्याने न्यायाधीशांची होती. पण सरकार म्हणाले, "नाही, आम्हाला समोर तुम्ही हवेत." बाबा त्या दिवशी घरी आले ते चालत नव्हते, तरंगत होते. ती जागा हीच त्यांची सगळी मिळकत होती. ती गेली असती तर त्यांच्याकडे पुरवठा खातं उरलं असतं, दुसरं काही नाही.

होडी चालायची कशी ते विचारू नका. ती चालायचीच नाही. काठापासून जरा आत गेली की ती गिरक्या घ्यायची. रस्ता दिसत होता फक्त सरकारांना, आणि सरकार काही बोलत नसत. काळा चष्मा लावून ते पुतळ्यासारखे बसून राहत. सगळे म्हणत, काय रुबाब आहे.

मी घरी बाबांशी भांडत असे. "बाबा, बैल कधी गाडीकडे तोंड करून चालतात का?"

"बैल सरकारांच्या समोर बसत नाहीत," बाबा म्हणाले.

"मग सरकारांना पुढच्या टोकाला बसवा. सगळे त्यांच्या मागे. कोणाचीच पाठ त्यांच्याकडे नको आणि होडीही सरळ जाईल."

"केलं होतं ना ते एकदा. सरकारांच्या धोतरावर पाणी उडालं. ते म्हणाले, आम्हाला पुढे नको." बाबांनी आवाज खाली आणला. "आणि होडी मागच्याने वळवायची असते म्हणे. म्हणजे चिटणीस मागून हुकूम सोडणार आणि सरकार तो पाळणार? ऐसा थोडेच होतं, बेटा."

माझे बाबा हुशार होते, आणि ते या गोष्टीवर हुशारी खर्च करत होते. मला त्यांचा राग यायचा. नुसता राग नाही, कीव यायची, आणि बापाची कीव येणं फार वाईट.

आम्हा बायकांचा उल्लेख राहिलाच. आम्ही चुलीशी असायचो. रविवारी तलावावर तीन दगड मांडायचे, गोवऱ्या पेटवायच्या, बाफले भाजायचे, डाळ घोटायची, तूप वितळवायचं. पुरुष पाण्याकडे तोंड करून पंगतीला बसायचे आणि न वळता हात मागे करायचे, की त्या हातात आम्ही वाटी द्यायची. ज्या मंडळाने पाठ कोणाकडे व्हावी आणि कोणाकडे होऊ नये यावर दोन दिवस खल केला, त्या मंडळातल्या सगळ्या पाठी आमच्याकडे असायच्या. आमच्याकडे झालेली पाठ मोजली जात नसे. मी एकदा चिटणिसांना विचारलं की मीही एकदा वल्हं धरू का. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या बातम्या लिहा. बातमीत तुम्ही म्हणाल तेवढी वल्ही."

त्या वर्षी पाऊस रेंगाळला. तलाव तुडुंब भरला होता आणि राजधानी परत ग्वाल्हेरला जायची होती. ग्वाल्हेरहून सरकारी कचेरीबरोबर आलेले चार तरुण कारकून एका रविवारी तलावावर सहलीला आले. मराठीच होते, पण ग्वाल्हेरचे, म्हणजे आमच्या मंडळींच्या हिशेबी परके. त्यांनी काठावर उभं राहून आमची कॅनू गिरक्या घेताना पाहिली. त्यातला एक हात तोंडाशी नेऊन ओरडला, "क्यों साहेब, तुमची नाव घरी परत चालली आहे का?"

आता हा अपमान फक्त होडीचा होता. पण आमच्या लोकांनी तो साऱ्या इंदूरचा करून टाकला. चिटणीस काठावर उतरले आणि अस्सल इंदुरी थाटात, भाऊला भिया म्हणत, त्या कारकुनावर गरजले. "भिया, अब तो शर्यतच होऊन जाऊ द्या. इंदूरची इज्जत का सवाल आहे." पुढच्या रविवारी शर्यत ठरली. तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, समोरच्या काठावरच्या मोठ्या बाभळीपर्यंत. त्यांनी मासेमारांची एक साधी होडी आणि चार वल्ही मागून घ्यायची, आम्ही आमची कॅनू. सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, 'ग्वाल्हेरच्या संघाने आपल्या मंडळास आव्हान दिले असून ते स्वीकारण्यात आले आहे.' आव्हान आपणच दिलं, हे मी चिटणिसांना सांगितलं. ते म्हणाले, तसं लिहिलं तर हलकं वाटतं.

त्या आठवड्यात मी बाबांच्या मागे लागले. "या एका दिवसापुरतं वळून बसा. शर्यतीत कोण पाठ बघतंय?"

"सरकार बघतात."

"हरलात तर?"

"हरलो तर हरलो. माझी जागा तर राहील." त्यांनी ते अगदी सरळपणे सांगितलं. मग मीच चिडले आणि म्हटलं की तुमचे सरकार बुडाले तरी तुम्ही त्यांच्याकडे तोंड करूनच बुडाल. बाबा म्हणाले, "हां, तो क्या?"

शर्यतीच्या दिवशी हातोद गावाकडच्या त्या तलावावर चांगलीच गर्दी झाली. कॅनूवर झेंडूची माळ चढवली होती. सरकारांनी जरीकाठी उपरणं घेतलं होतं. त्यांना होडीत उतरवायला दोघांनी हात दिला, गादी सरळ केली, लोड ठेवला, आणि मग बाकीचे मुजरा करत उलट्या पावलांनी आत शिरले. कोठीवरचे कारभारी त्यात एकदा पाण्यात पडले आणि पुन्हा चढले. ग्वाल्हेरचे कारकून बाह्या सरसावून आपल्या होडीत बसले होते आणि हसू दाबायचाही प्रयत्न करत नव्हते.

शिट्टी वाजली. त्यांची होडी सरळ निघाली. आमची निघाली तीही, पण तिरकी. आणि आज ती गिरक्या घेईना, कारण तलावाला ओढ होती. पाळीच्या कडेला सांडवा होता, भरल्या तलावाचं जादा पाणी जिथून खाली खडकावर कोसळतं तो. इतर वेळी तिथे कोरडा दगड असायचा. त्या दिवशी पाणी कंबरभर जाडीने पलीकडे उडी घेत होतं आणि त्याचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता. कॅनू त्या दिशेने सरकायला लागली. चौघेही जीव खाऊन वल्ही ढकलत होते आणि आपण जोरात चाललोय म्हणून त्यांच्या तोंडांवर समाधान होतं. सांडव्याकडे त्यांच्या पाठी होत्या. तोंड होतं एकट्या सरकारांचं, आणि सरकार चष्मा लावून बसलेले, हूं नाही की चूं नाही.

काठावरचे लोक ओरडायला लागले. होडीतल्यांना वाटलं, आपला जयजयकार चाललाय. न्यायाधीशांनी एक हात वर करून तो स्वीकारला.

माझ्या हातात तुपाची वाटी होती, ती मी टाकली आणि पाळीवरून धावत सुटले. पदर खोचायचंही भान राहिलं नाही. सांडव्याच्या अलीकडे पोचले तेव्हा होडी इतकी जवळ आली होती की मला चिटणिसांचं टक्कल दिसत होतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबा, वळा!"

बाबांनी आधी फक्त मान वळवली. त्यांना सांडवा दिसला. मग त्यांनी समोर सरकारांकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं सांगता येणार नाही, पण मला वाटलं की आता गेले हे, तोंड करूनच गेले. आणि मग ते वळले. गुडघ्यांवर उठून, पूर्ण, कमरेपासून, सरकारांकडे पाठ करून बसले. "वल्ही वर!" ते ओरडले. दरबारात नाव पुकारणारा तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, त्यानंतर कधी ऐकला नव्हता. तिघांनी घाबरून वल्ही वर घेतली. बाबांनी एकट्याने, एकाच बाजूने, पाणी मागे लोटायला सुरुवात केली. ते कधी शिकले नव्हते, पण त्यात शिकायचं काय असतं. होडीचं टोक हळूहळू सांडव्यापासून फिरलं, ओढीतून सुटलं आणि काठच्या चिखलात येऊन रुतलं.

तोवर ग्वाल्हेरकर बाभळीला हात लावून, परत येऊन, आमच्याच पंगतीत आमचेच बाफले खात होते. आमचे वीर चिखलातून उतरले. सरकारांना उचलून आणावं लागलं. त्यांनी लगेच टांगा मागवला.

आम्ही भाड्याच्या ट्रकमधून परतलो. बाबा फळीला टेकून बसले होते, पायांना चिखल, पगडी गेलेली, आणि चेहऱ्यावर असं काही की मी त्यांना ओळखलंच नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "अगं, पाणी समोरून येताना फारच वेगळं दिसतं. आपल्याकडे येतं ते. मी इतके दिवस नुसतं गेलेलं पाणी बघत होतो." मला त्या दिवशी बाबांचा अभिमान वाटला. स्पष्टच सांगते, त्याआधी कधी वाटला नव्हता. मला वाटलं, सुटले एकदाचे.

कसले सुटतात. सकाळी पोहे समोर ठेवले तर ते बशीकडे बघत बसलेले. "पाठ झाली गं," ते म्हणाले. "सरकारांकडे माझी पाठ झाली."

"तुम्ही पाच माणसं वाचवलीत."

"ते वेगळं."

त्यांनी ट्रंकेतून दरबारी अंगरखा काढला, नारळ घेतला, आणि माफी मागायला निघाले. एकटे गेले असते तर काय बोलून बसले असते कोण जाणे, म्हणून मी बरोबर गेले. सरकार दिवाणखान्यात बसले होते. भिंतींवर घोड्यांच्या तसबिरी, माणसाची एकही नाही. घरातही तो काळा चष्मा. बाबांनी मुजरा केला, नारळ पायाशी ठेवला आणि म्हणाले, "सरकार, कसूर झाली. काल पाण्यावर माझी पाठ झाली आपल्याकडे."

"कधी?" सरकारांनी विचारलं.

"सांडव्याजवळ. मी वळलो तेव्हा."

सरकारांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. त्यांचे डोळे बारीक आणि पाणावलेले होते. "आम्हाला काही माहीत नाही," ते म्हणाले. "आम्ही पाण्यावर डोळे उघडत नाही. आम्हाला भोवळ येते."

मी भिंतीवरच्या घोड्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं किंवा रडू. इतके रविवार. इतकी ती उलटी वल्ही. चार शहाणी माणसं ज्यांच्याकडे पाठ होऊ नये म्हणून जन्माची तालीम करत होती, त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. रस्ता दिसणारा एकच माणूस, आणि तो बघत नव्हता. बडा घर, पोकळ वासा.

मला वाटलं, आता तरी दोघे हसतील. पण सरकारांनी चष्मा परत लावला आणि ते ताठ झाले. न कळलेली आगळीक होती तोवर काही नव्हतं. आता ती कळली होती, तीही माझ्यासारख्या तिसऱ्या माणसादेखत, आणि शिवाय ती भोवळही. "म्हणजे तुम्ही आमच्याकडे पाठ केलीत," ते म्हणाले. "ठीक आहे. आता तुम्ही घरीच आराम करा. समोर न्यायाधीश बसतील."

बाबांनी लवून मुजरा केला आणि मागे मागे सरकत दाराकडे निघाले. उंबरठ्याला त्यांची टाच लागली, ते धडपडले, चौकट धरून सावरले, आणि तरीही वळले नाहीत. मी त्या माणसाकडे पाठ करून सरळ चालत बाहेर पडले. त्याला ते दिसलं की नाही, मला माहीत नाही. डोळे उघडे असतील तर दिसलं असेल.

त्याच सोमवारी शाळा सुटल्यावर चिटणीस तक्क्याला टेकून म्हणाले, "लिहा. शर्यतीत आपली नौका सुखरूप किनाऱ्यास लागली. त्याखाली लिहा, एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव होडीतील जागा सोडली आहे." या माणसाचं टक्कल त्या सांडव्यावर फुटायचं राहिलं होतं ते माझ्या बापामुळे. मी खडू त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "तुम्हीच लिहा, भियाजी. हात आहेत ना?" त्यांनी लिहिलं, आणि अक्षर इतकं वाईट की स्नेहलतागंजातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचायला थांबावं लागे. बाबाही एकदा वाचून आले. घरी येऊन म्हणाले, "ओळी वाकड्या गेल्या आहेत. तू लिहायला हवं होतंस."

मंडळ पुढे फार टिकलं नाही. न्यायाधीश समोर बसले, आणि एकदा त्यांनी सरकारांना विचारलं की आपण कुठे चाललो आहोत. त्यावरून बोलाचाली झाली आणि सगळंच मोडलं. कॅनू चिटणिसांच्या कुठल्या नातलगाने हातोदला नेली. तिथे तिच्यातून गुरांना पाणी पाजत, असं ऐकलं. त्या होडीच्या आयुष्यात तिला मिळालेलं ते पहिलं धड काम असावं.

बाबांनी त्यानंतर पाण्याचं नाव काढलं नाही. कचेरीत जायचे, यायचे, आरामखुर्चीत बसून राहायचे. मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. ज्याने जीव वाचवला त्यानेच माफी मागावी, आणि वर ती जागा गेली म्हणून झुरावं, याला काय म्हणायचं? मी त्यांना तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. ते ऐकून घ्यायचे.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर मी त्यांना जवळजवळ ओढूनच तलावावर नेलं. मासेमारांची एक लहान डोंगी मागून घेतली, दोघांपुरती. तलाव शांत होता, सांडव्यावरून पाण्याची नुसती धार जात होती. मी मागच्या टोकाला वल्हं घेऊन बसले, कारण होडी मागूनच वळवायची असते. बाबांना म्हटलं, तुम्ही पुढे बसा. ते अंगरखा सावरत पुढे गेले, खाली बसले, आणि माझ्याकडे तोंड करून बसले.

"बाबा, असं नाही. वळून बसा. तुम्हाला पाणी समोरून येताना बघायचं होतं ना?"

"बघायचं तर आहे," ते म्हणाले. त्यांनी एकदा मान वळवून मागे, तलावाकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे तोंड केलं. "पण मग तुझ्याकडे पाठ होईल ना, बेटा."

मी वल्हं पाण्यात घातलं आणि सांडव्यापासून दूर, पलीकडच्या काठाकडे होडी वल्हवायला लागले. पुढचं पाणी मला दिसत होतं, आणि ते कसं दिसतंय ते मी बाबांना पलीकडे पोचेपर्यंत सांगत राहिले.